नोरीनची तिसरी परीक्षा

तर खाटीक सुरा हातात धरून उभा, आणि काउंटरच्या अलीकडून व्हर्जिल हॅस्केट दोन्ही हातांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. मध्ये सात वर्षांची नोरीन. व्हर्जिलचे हात म्हणतायत, "शनिवारचं डुक्कर तू मारलंस, का ते म्हातारं होऊन आपणहून मेलं? हे घे, तुझ्या कुत्र्याला घाल, आणि कुत्रं जगलं तर मला कळव!" खाटकाला यातलं अक्षर कळत नाही. त्याला एवढंच दिसतंय, की छापखान्यातला हा बहिरा माणूस हवेत भराभर काहीतरी चिरतोय. तो खाली वाकून नोरीनला विचारतो, "काय गं, काय म्हणतायत तुझे बाबा?" नोरीन त्याच्या हातातल्या सुऱ्याकडे बघते, बाबांच्या लाल झालेल्या कानांकडे बघते आणि म्हणते, "बाबा म्हणतात, शनिवारचं मांस छान होतं. आज त्याहून थोडं ताजं मिळालं तर बरं."

खाटीक खूश! त्यानं आतला चांगला तुकडा काढून दिला, वर दोन सॉसेज कागदात गुंडाळून पोरीच्या हातात ठेवले. व्हर्जिल दुकानाबाहेर पडला तो छाती काढून. रस्त्यात थांबून लेकीला म्हणाला, "बघितलंस? असं खडसवावं लागतं. मऊ बोललं की लोक डोक्यावर बसतात."

नोरीन हा किस्सा साठीतसुद्धा सांगायची आणि शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायका पोट धरून हसायच्या. बहिऱ्यांच्या क्लबात मात्र तिनं तो कधी सांगितला नाही. तिथं आई बसलेली असायची.

आई म्हणजे अल्मीडा. शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात जन्म गेला. उंची बेताची, बोटं लांब, आणि बोलणं असं की समोरच्याला बसायला खुर्ची शोधावी लागावी. एरवीही बहिऱ्यांमध्ये आडपडदा कमीच. वर्षानं भेटलेल्या माणसाला पहिलं वाक्य "किती जाड झालास!" आणि तोही रागावत नाही, पोटावर हात मारून "बायको बदलली, तिला रांधता येतं," म्हणतो. अल्मीडा त्या क्लबातही तिखट समजली जायची. असल्या आईबापांच्या पोटी नोरीनसारखी गूळ लावून बोलणारी मुलगी कशी निघाली, याचं कोडं क्लबाला पडलेलं होतं. त्यात कोडं कसलं? घरात ऐकू येणारी ती एकटी. फोन, बँक, खाटीक, पाद्री, घरमालक, सगळ्यांच्या आणि आईबापांच्या मधोमध ती उभी. दोन्हीकडचे दगड तिच्याच अंगावरून जायचे. तिनं लहानपणीच शोधून काढलं की दगड हातात आला की तो थोडा घासून गुळगुळीत करूनच पुढं द्यायचा.

१९६२ साली, ती नऊ वर्षांची असताना, व्हर्जिलचा खोकला थांबेना म्हणून तिघं इस्पितळात गेले. तपासण्या झाल्या. व्हर्जिलला आत कॉटवर निजवलं आणि डॉक्टरनं मायलेकींना खोलीत बोलावलं. त्या काळी दुभाषी वगैरे कोण आणणार? मुलगी आहे ना! डॉक्टर म्हणाला, "बाळ, आईला सांग, बाबांच्या दोन्ही फुप्फुसांत गाठी आहेत. फार तर सहा आठवडे." नोरीन आईकडे वळली. हात वर घेतले. आणि हातांनी सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, विश्रांती पाहिजे. पुष्कळ विश्रांती."

पाचव्या आठवड्यात, रविवारी दुपारी, व्हर्जिल इस्पितळातच गेला.

त्यानंतर नोरीन मोठी झाली, शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, बत्तीस वर्षं तिथं मॅकरोनी ढवळली, लग्न केलं, ते मोडलं, आणि आईच्या घरी राहायला परत आली. घंटेऐवजी दिवा उघडझाप करणाऱ्या त्या घरात मायलेकींचं बरं चाललं होतं. भांडणही व्हायचं, पण स्वयंपाकघरात, कारण तिथला उजेड चांगला. फक्त इस्पितळातली ती दुपार दोघींच्या मध्ये कधी आली नाही. आईला माहीत नाही, आणि आईला कळता कामा नये, अशी गाठ मारून नोरीन बावन्न वर्षं जगली.

आता कॉलेजात ती कशी गेली ते. क्लबातला गस म्हातारा शिडीवरून पडला, तर नेहमीसारखी नोरीन धावत इस्पितळात. गसच्या कॉटशेजारी उभी राहून हात वर घेतले, तोच नर्स म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे का?"

"कसलं?"

"दुभाष्याचं."

"अहो, मी बोलायला शिकले त्याच्या आधी हातांनी बोलायला शिकलेय!"

"असाल. पण आता कायदा आहे. बाहेर बसा."

नोरीन बाहेर बसली. दोन तासांनी काळ्या कपड्यातली एक चोवीस वर्षांची पोर आली. नखांना रंग नाही, बोटात अंगठी नाही, बघणाऱ्याची नजर नुसत्या हातांवर राहावी म्हणून. दार उघडंच होतं, म्हणून नोरीनला सगळं ऐकू आलं. गसचे हात हलत होते आणि ती पोर गंभीर चेहऱ्यानं खणखणीत आवाजात डॉक्टरला सांगत होती, "मी शिडीवरून पडलो. माझं वय एक्याऐंशी. आणि विषय निघालाच आहे तर सांगतो, तीन दिवस मला लघवीला जळजळ होतेय." डॉक्टरलाही हसू आलं नाही, पोरीलाही नाही. दुभाष्यानं "हे म्हणतात" असं म्हणायचंच नसतं. ज्याचे हात, त्याचा 'मी'. नोरीननं जन्मभर "बाबा म्हणतात", "आई म्हणते" केलं होतं, आणि त्या 'म्हणतात'च्या आड वाटेल ते खपवलं होतं. ती घरी आली ती फणफणत. "कागद पाहिजे काय? आणते कागद!"

काउंटी कॉलेज तिच्या घरापासून दहा मिनिटांवर. बंद पडलेल्या एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत भरायचं. साठीच्या पुढच्यांना फी नाही. वर दुभाष्यांचा वर्ग, खाली पॅरालीगलांचा, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कागद तयार करणाऱ्यांचा. आणि त्या खालच्या वर्गात पहिल्याच दिवशी तिला कोण भेटावं? रॉस्को टिबेट! शाळेची बस चालवायचा. दोन्ही गुडघे बदलून झाल्यावर आता वकिली कागद शिकायला आला होता.

"नोरीन! तुझ्या मॅकरोनीनं माझं पोट बिघडवलं, त्याचा खटला भरायला शिकायला आलोय बघ."

"आधी त्या बसचा हिशेब दे. वळणावर निम्मी पोरं खिडकीतून पडायची."

"पडली असतील, पण शाळेच्या हद्दीबाहेर."

पॅरालीगलांना पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट घोकायला लावतात. कागद करा, जबानी लिहून घ्या, पण सल्ला देऊ नका. सल्ला वकिलानं द्यायचा, तुम्ही दिलात तर गुन्हा. रॉस्कोनं हे इतकं मनावर घेतलं की चर्चमध्ये कुणी "आज छत्री न्यावी का रे?" म्हटलं तरी तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "माफ करा, मी सल्ला देऊ शकत नाही."

वरच्या वर्गाची मास्तरीण मिस ओडेट. स्वतः जन्माची बहिरी. वर्गात आली की दिवा दोनदा घालवून लावायची, की तीस डोकी वळली. हात असे स्वच्छ चालायचे की शेवटच्या बाकावरूनही वाचावं. नोरीनला वाटलं होतं, आपण इथं महिन्याभरात पहिल्या येऊ. खुणा, वेग, समज, कशातच कुणी तिच्या जवळपास नव्हतं. पण पहिल्या परीक्षेत पडद्यावर एक बहिरा माणूस घरमालकावर भडकलेला दाखवला. भाषा अशी की कान नाहीत हे बरंच. नोरीन माइकमध्ये म्हणाली, "मी जरासा नाराज आहे."

नापास.

दुसऱ्या परीक्षेत उलटं होतं. डॉक्टर बोलतोय, समोर बहिरी बाई. डॉक्टर म्हणाला, ही गाठ कर्करोगाची आहे. नोरीनचे हात म्हणाले, गाठीची काळजी घ्यावी लागेल. आपण काय केलं ते तिला हात खाली आल्यावर कळलं. मिस ओडेटनं कागदावर दोनच ओळी लिहून दिल्या. "तुमचं मन फार चांगलं आहे. नापास."

नोरीन तिच्या खोलीत जाऊन भांडली. "माणसाच्या तोंडावर असं कसं सांगायचं?"

ओडेट म्हणाली, "पोस्टमन पत्र फोडतो का? आत काय आहे ते बघून, 'अरेरे, हिला वाईट वाटेल,' म्हणून दुसरंच पत्र टाकतो का?"

"मी पोस्टमन नाही."

"तेच तर. तुम्ही पोस्टमन नाही, तुम्ही मुलगी आहात. मी पंचवीस वर्षांत अशा पंधरा-वीस मुली पाहिल्या. बहिऱ्यांच्या मुली. भाषा सगळ्यात चांगली, आणि नापासही सगळ्यात जास्त." मग जरा थांबून, "माझीही एक मुलगी आहे. ती माझ्यासाठी काय काय गुळगुळीत करते, मला कधी कळणार नाही. तुम्हाला ते प्रेम वाटतं. मला ते कुलूप वाटतं."

परीक्षा तीनदाच देता येते. तिसरी एप्रिलात, आणि ती साधी नव्हती. दरवर्षी वरचा आणि खालचा वर्ग मिळून खोटं कोर्ट भरवायचे. खालच्यांनी खटला रचायचा, जबान्या लिहायच्या. वरच्यांनी दुभाषीपण करायचं. आणि साक्षीदार म्हणून क्लबातले बहिरे म्हातारे यायचे, कॉफी आणि गोड ॲपल पायच्या बोलीवर. काहींना तर नाटकाचं इतकं वेड, की रडायचं म्हटलं की खरंच रडायचे आणि मग विचारायचे, "दुसरा तुकडा मिळेल का?"

अल्मीडा या फंदात कधी पडली नव्हती. "मला नाटकं येत नाहीत," म्हणायची. पण त्या वर्षी क्लबात गसनं तिला एक गोष्ट सांगितली. तिथं म्हणे आता एक पडदा लावलाय. दुभाषी तोंडानं जे बोलतो, ते एकजण बसून टंकतो, आणि अक्षरं पडद्यावर उमटतात. मास्तरीण बहिरी ना, तिला गुण द्यायचे तर तोंडचं वाचायला नको? अल्मीडानं गसला दोनदा विचारलं, "म्हणजे आपल्या नावावर ते काय बोलतात, ते आपल्याला दिसतं?"

"अक्षर न् अक्षर," गस म्हणाला. "माझ्या दुभाष्यानं माझी अर्धी शिवी गाळली, मी तिथंच पकडली!"

दुसऱ्या दिवशी नोरीन बाजारात गेली असताना रॉस्को अल्मीडाच्या दारात हजर. तिनंच चिठ्ठी पाठवून बोलावला होता. खटला त्याला सुचत नव्हता, तो तिनं दिला. इस्पितळानं दुभाषी दिला नाही, नऊ वर्षांच्या मुलीला मध्ये उभं केलं, अशी तक्रार. बोलणं वहीवर लिहून झालं. शेवटी अल्मीडानं लिहिलं, "मी साक्षीदार. नोरीन दुभाषी. तिला सांगायचं नाही. बरोबर आहे ना?"

रॉस्कोनं लिहिलं, "हॅस्केटबाई, मी सल्ला देऊ शकत नाही." मग खाली, "पण टेबलावरचा हा ॲपल पाय घेऊ शकतो."

खटल्याच्या फायलीत नियमाप्रमाणे खरं नाव झाकून 'साक्षीदार अ' असं लिहिलं. दुभाषी ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि चिठ्ठ्यांचा डबा रॉस्कोच्या हातात होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

कोर्ट भरायचं ते जुन्या दुकानाच्या बुटांच्या विभागात. खांबांना खाली, घोट्याच्या उंचीवर, अजून आरसे होते. न्यायाधीश म्हणून पॅरालीगलांचे मास्तर काळा झगा घालून बसले. नोरीन काळ्या शर्टात, अंगठी काढून, साक्षीदारासमोरच्या खुर्चीकडे गेली आणि बघते तो खुर्चीत आई! निळा ड्रेस, चर्चला घालायची पिन, पर्स मांडीवर.

"तू इथं काय करतेयस?"

"साक्ष द्यायला आलेय. ॲपल पायही आहे म्हणे."

नोरीननं हात वर केला. "ही माझी आई आहे. नियमानं मी हिचं काम करू शकत नाही."

मिस ओडेट पुढं आली. "बरोबर. खऱ्या कोर्टात मी तुम्हाला कान धरून बाहेर काढलं असतं. आपणहून सांगितलंत, याचे गुण दिले. पण हा वर्ग आहे." मग ती अल्मीडाकडे वळली. "तुम्हाला चालेल का?"

"मला हीच पाहिजे," अल्मीडा म्हणाली. "पण तो पडदा मला दिसेल असा फिरवा."

पडदा फिरवला. ओडेट नोरीनला म्हणाली, "नको असेल तर उठा. पुढच्या वर्षी नव्यानं वर्गात बसा. पण बसलात तर जसंच्या तसं."

नोरीनला त्या क्षणी उठायचं होतं. पाय निघालेही होते. पण आईनं पर्समधून चष्मा काढून पडद्यावर असा रोखला, की नोरीन बसली.

रॉस्को वकील झाला होता. गळ्यात मुलाच्या लग्नातला टाय. घसा साफ करून म्हणाला, "१९६२ साली तुमच्या पतीला इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टर तुमच्याशी कसे बोलले?"

नोरीनच्या हातांनी प्रश्न आईला दिला. आईचे हात उठले. नोरीनचा आवाज म्हणाला, "माझ्याशी कुणीच बोललं नाही. माझ्या मुलीशी बोलले. ती नऊ वर्षांची होती. तिचा एक दात पडलेला होता."

अक्षरं पडद्यावर उमटली. अल्मीडानं चष्म्यातून ती वाचली, बोटानं ओळ धरून, शर्टाची शिवण तपासावी तशी. "बरोबर," म्हणाली. नोरीनला तेही बोलावं लागलं. "बरोबर."

"मुलीनं तुम्हाला काय सांगितलं?"

"मुलीनं मला सांगितलं, विश्रांती पाहिजे." नोरीनचा आवाज इथवर बरा होता. "ते खोटं होतं."

बुटांच्या विभागात कुणीतरी खुर्ची सरकवली. टंकणाऱ्या बाईनं मान वर केली. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही एव्हाना उमगलं, की ही माझी-मुलगी माझी-मुलगी म्हणणारी बाई कुणाविषयी बोलतेय. रॉस्कोच्या फायलीत हे नव्हतं. त्यानं पान उलटलं, परत उलटलं.

"तुम्हाला... ते खोटं आहे हे कधी कळलं?"

अल्मीडाच्या हातांना घाई नव्हती. नोरीनला घाई करायची होती, पण दुभाष्याला हातांच्या पुढं जाता येत नाही.

"तेव्हाच," नोरीनचा आवाज म्हणाला. "मी बहिरी आहे, आंधळी नाही. विश्रांती घ्या म्हणताना डॉक्टर बायकोकडे बघतो. हा खिडकीकडे बघत होता. माझा नवरा मरणार हे मी त्याच्या मानेवरून वाचलं. मुलीनं विश्रांती दोनदा सांगितली. मला वाटलं, नऊ वर्षांच्या पोरीला आणखी काय विचारू? म्हणून मी विश्रांतीवर विश्वास ठेवला. तिच्यासाठी."

नोरीन थांबली, पाणी प्याली, पडद्याकडे बघितलं. शब्द तिथं आले होते. आईनं ते वाचले, मान हलवली, आणि आता तिचे हात वेगळेच चालू लागले, छोटे, छातीजवळ, लोकांना दिसू नये असं बोलताना करतात तसे.

"पण एक गोष्ट मी वाचू शकले नाही. डॉक्टर नंतर माझ्याकडे वळला. माझ्याकडे. त्याच्या भुवया वर गेल्या. त्यानं मला काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबला. माझ्या मुलीनं तोंडानं उत्तर दिलं. माझ्याकडे वळलीच नाही. तो प्रश्न माझा होता. पाच आठवडे माझा नवरा त्या इस्पितळात होता. सुईसाठी त्याच्या उजव्या हाताला फळी बांधली होती, तो एका हातानं बोलायचा. भेटायला दिवसाचे दोन तास. उरलेले बावीस तास तिथं त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. भिंतीवरच्या टाइल्स किती आहेत ते त्यानं मला सांगितलं होतं. मला विचारायचंय, डॉक्टरनं मला काय विचारलं?"

न्यायाधीश झालेले मास्तर गोंधळले. झग्याच्या बाह्या सावरत म्हणाले, "साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात. उत्तरं द्यायची असतात."

नोरीननं ते आईला हातांनी सांगितलं. शब्दाला शब्द.

"बावन्न वर्षं झाली," नोरीनचा आवाज म्हणाला, कारण आईचे हात तसं म्हणाले होते, "माझी उत्तरं दुसरंच कुणीतरी देतंय."

रॉस्कोनं फाइल मिटली. "माझे प्रश्न संपले," म्हणाला, आणि टाय सैल करून जो खाली बसला तो ॲपल पाय वाटायच्या वेळेलाच उठला.

मिस ओडेटनं दिवा दोनदा घालवून लावला. बाकीच्यांच्या साक्षी झाल्या. एक म्हातारा रडून दुसरा तुकडा घेऊन गेला. नोरीनच्या हातात कागद पडला तेव्हा तिनं तो उभ्या उभ्याच वाचला. "एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. पास. आज दुसरं काम घेऊ नका."

एरवी बहिऱ्यांचं जमलेलं मंडळ दारात निरोप घ्यायला तासभर लावतं. त्या दिवशी अल्मीडानं गसला नुसता हात दाखवला आणि सरळ गाडीकडे गेली. रॉस्को पार्किंगमध्ये आडवा आला.

"नोरीन, मला खरंच माहीत नव्हतं गं. मला वाटलं, म्हातारीला हौस आलीय."

"चिठ्ठ्या तूच टाकल्यास ना?"

"हो. डब्यात सगळ्या तुझ्याच नावाच्या होत्या." त्यानं मान खाली घातली. "मी आता काय करू?"

"मी सल्ला देऊ शकत नाही," नोरीन म्हणाली. हसली नाही, पण त्याच्या कोपराला हात लावून पुढं गेली.

गाडीत आई पट्टा लावून बसली होती, पर्स मांडीवर. नोरीननं किल्ली लावली. गाडी सुरू झाली की हात स्टिअरिंगवर जातात, आणि हात स्टिअरिंगवर गेले की बोलणं बंद. घर दहा मिनिटांवर. तिथं संध्याकाळचं सूप करायचं, उद्या सोमवार, आणि अशी आणखी किती वर्षं सहज निघून गेली असती. आई विचारत नव्हती. तिनं जे विचारायचं ते सगळ्यांसमोर, लेकीच्याच तोंडून विचारून घेतलं होतं. आता ती काचेतून बाहेर बघत होती. चष्मा मात्र अजून डोळ्यांवर होता.

नोरीननं किल्ली परत फिरवली. इंजिन थांबलं ते आईला सीटच्या थरथरीवरून कळलं, आणि ती वळली.

नोरीनचे हात वर आले. एकसष्ट वर्षांचे, मॅकरोनी ढवळून सांधे सुजलेले.

"त्यानं विचारलं, उरलेले दिवस त्यांना घरी न्यायचंय, का इथंच ठेवायचं. मी म्हणाले, इथंच. कारण बाबा घरी आले असते, तर का आले ते मला तुला सांगावं लागलं असतं, आई."